गॅस गिझरची ज्योत सारखी विझते? आधी ती किती वेळाने विझते ते पाहा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात भाड्याच्या घरात नव्याने राहायला आलेल्या माणसाला पहिल्याच थंडीत गॅस गिझर त्रास देतो. नळ सोडला की टकटक होते, ज्योत लागते, पाणी कोमट होतं न होतं तोच ज्योत जाते. अंगाला साबण लावलेला माणूस तसाच कुडकुडत उभा. शिक्षणासाठी आलेली मुलं, बदलीवर आलेले नोकरदार, गावाकडून मुलांकडे राहायला आलेले आई-वडील यांनी गिझरच्या पत्र्याआड काय असतं ते कधी पाहिलेलं नसतं. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

मुख्य गोष्ट आधीच सांगतो. गॅस गिझर सहसा उगाच विझत नाही. ज्योत दिसली नाही, पाणी कमी आलं, पाणी फार तापलं, हवा संपत आली, यांपैकी काहीतरी झालं म्हणून तो स्वतःहून गॅस बंद करतो. ज्योत कशी टिकवायची यापेक्षा ती का विझवली गेली हे शोधायचं असतं, आणि त्याचा सगळ्यात मोठा पुरावा तुमच्या घड्याळात असतो. लागतच नाही, लागून काही सेकंदांत जाते, पाच-दहा मिनिटांनी जाते, की बरोबर वीस मिनिटांनी? एवढं पाहून ठेवलंत तर अर्धं काम झालं.

पत्रा उघडण्याआधी: गिझर बसवलाय कुठे?

गिझर बाथरूमच्या आत असेल आणि पाच-दहा मिनिटांनी विझत असेल, तर पुढचं काहीही करू नका. तो वापरणं आजपासून बंद करा.

याचा हिशेब प्रत्येकाला माहीत असायला हवा. मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा साधा गिझर तासाला साधारण एक किलोच्या आसपास गॅस जाळतो. एक किलो एलपीजी पूर्ण जळायला अंदाजे १३ घनमीटर हवा लागते. चार बाय सहा फुटांचं, नऊ फूट उंचीचं बाथरूम म्हणजे जेमतेम सहा घनमीटर हवा. दार-खिडकी बंद करून पाव तास आंघोळ केली, तर त्या खोलीतला जवळजवळ निम्मा प्राणवायू ज्योत खाऊन टाकू शकते. हवा कमी पडायला लागली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, पाय लटपटतात, आणि कडीकडे हात नेण्याचंही बळ राहत नाही. आंघोळीला गेलेलं माणूस बाहेर आलं नाही म्हणून दार तोडलं, अशा बातम्या दर हिवाळ्यात येतात. त्यांत तरुण आणि धडधाकट माणसंही असतात.

आपल्याकडच्या घरांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. शहापूर, वडगाव, अनगोळच्या जुन्या कौलारू घरांत न्हाणी परसात असायची. तिथे बंब पेटायचा किंवा चुलीवर हंडा असायचा. धूर व्हायचा, पण कौलांच्या फटींतून तो निघून जायचा आणि हवा खेळती राहायची. तीच घरं पाडून स्लॅबची झाली, न्हाणीचं टाइल्स लावलेलं बाथरूम झालं, खिडकीला सरकती काच आली. बंबाच्या जागी गिझर आला, फटी मात्र गेल्या. जिन्याखालच्या बाथरूमला तर खिडकीच नसते. अशा ठिकाणी लटकवलेला गिझर कितीही चांगल्या कंपनीचा असला तरी धोक्याचाच.

उपाय सोपा आहे. गिझर बाहेर गॅलरीत, परसात किंवा मोकळ्या डक्टमध्ये घ्यायचा आणि गरम पाण्याचा फक्त पाईप आत आणायचा. भाडेकरूला मालकांशी बोलायला संकोच वाटतो, पण इथे संकोच करू नका. ‘काका, गिझर गॅलरीत घेऊया, प्लंबरला मी बोलावतो,’ असं सरळ म्हणा. सहसा कुणी नाही म्हणत नाही. आतला गिझर विझत असेल तर काम होईपर्यंत तो लावूच नका; विझत नसेल तरी आधी बादलीत पाणी भरून घ्या, गिझर बंद करा, हवा जाऊ द्या आणि मगच आंघोळीला जा.

कुणाला आंघोळ करताना चक्कर आली तर आधी दार उघडा, त्या माणसाला मोकळ्या हवेत न्या, गॅस बंद करा आणि १०८ ला फोन करा. आत धावत जाणाऱ्यानेही श्वास रोखून जावं आणि लगेच बाहेर यावं.

आणि गॅसचा वास आला तर दुरुस्तीचा विचारच सोडा. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघडी, विजेचं एकही बटण चालू-बंद करायचं नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत आणि मोरीच्या खळग्यात साचतो. बाहेर येऊन १९०६ या गॅसगळतीच्या क्रमांकावर कळवा.

नळ सोडल्यावर आत काय घडतं

हे एकदा समजलं की निम्मी भीती जाते. पाणी गिझरमध्ये शिरतं आणि एका रबरी पडद्याला, म्हणजे डायफ्रामला, ढकलतं. पडदा एक छोटी पिन पुढे सारतो, पिन मायक्रोस्विच दाबते. खालच्या डब्यातल्या दोन जाड सेलमधून वीज कंट्रोल बॉक्सला मिळते. तो ठिणगी पाडायला लागतो आणि त्याच वेळी गॅसचा विजेवर चालणारा व्हॉल्व्ह उघडतो. बर्नर पेटतो. ज्योतीत एक सुई घुसलेली असते, तो सेन्सर. ज्योतीतून अगदी बारीक वीजप्रवाह वाहू शकतो. सुईला तो जाणवला की कंट्रोल बॉक्सला कळतं की ज्योत आहे, आणि गॅस चालू राहतो. जाणवला नाही तर काही सेकंदांत व्हॉल्व्ह बंद होतो.

म्हणजे पाणी, सेल, ठिणगी, गॅस, सुई ही एक साखळी आहे. कुठली कडी तुटली ते शोधायचं.

टकटकच होत नाही, किंवा टकटक होते पण पेटत नाही

आधी सेल बदला. दोन्ही एकदम, एकाच प्रकारचे, अल्कलाइन मिळाले तर उत्तम. जुन्या सेलवर टॉर्च लागतो म्हणजे ते चांगले आहेत असं नाही. ठिणगी पाडायला आणि व्हॉल्व्ह उघडून धरायला जास्त जोर लागतो, तिथे अर्धमेले सेल कमी पडतात. डब्यातल्या पट्ट्या पाहा. आपल्याकडच्या पावसाळ्यात, विशेषतः खानापूर-जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, त्यांवर हिरवट-पांढरा थर चढतो. बारीक पॉलिश पेपरने तो घासून काढा. मे महिन्यात गिझर बंद ठेवणार असाल तर सेल काढून ठेवा, म्हणजे ते गळून डबा खराब होत नाही.

नवे सेल घालूनही टकटक नसेल तर पाण्याचा दाब पाहा. त्याबद्दल पुढे सांगतो.

पेटते आणि चार-पाच सेकंदांत जाते

हे लक्षण सेन्सरच्या सुईचं. सुईवर काजळी, गंज किंवा धूळ बसली की ज्योत असूनही ती कळत नाही. स्वच्छ करणं घरी जमण्यासारखं आहे.

रेग्युलेटर बंद करा, सेल काढा, गिझर थंड होऊ द्या. समोरची बटणं हलकेच ओढून काढा, पत्र्याचे स्क्रू काढा, पत्रा वर उचलून बाहेर घ्या. बर्नरवर दोन-तीन सुया दिसतील. ज्या सुईची जाड वायर ठिणगीच्या कॉइलकडे जाते ती ठिणगीची. दुसरी साध्या बारीक वायरची, ज्योतीच्या मधोमध येणारी, ती सेन्सरची. मोबाईलवर फोटो काढून ठेवा, वायर परत जोडताना गोंधळ होत नाही. सेन्सरचं टोक बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासा आणि कोरड्या कापडाने पुसा. सुई वाकवायची नाही. तिच्या बुडाशी पांढरी चिनी मातीची नळी असते, तिला तडा असेल तर प्रवाह मधूनच पत्र्यात उतरतो आणि कितीही घासलं तरी उपयोग होत नाही. तेव्हा सुईच बदलायची. वायरचं टोक सैल असेल तर घट्ट बसवा.

काही जण सेन्सरच ‘डायरेक्ट’ करून देतात. सुई काढून वायर जोडून दिली की गिझरला ज्योत कायम आहे असंच वाटतं. मग वाऱ्याने ज्योत गेली तरी गॅस येतच राहतो. कुणी असं करून देतो म्हणाला तर त्याला नको म्हणा, आणि भाड्याच्या घरातल्या गिझरमध्ये आधीच तसं केलेलं दिसलं तर तो वापरू नका.

तुमच्याकडे जुना, कायम छोटी पायलट ज्योत पेटती ठेवणारा गिझर असेल तर त्यात सेल आणि सुईचं काम थर्मोकपल करतं. तांब्याच्या बारीक नळीसारखी दिसणारी ही वस्तू ज्योतीत तापली की साधारण २५ ते ३० मिलिव्होल्ट वीज तयार करते, आणि तेवढ्यावर एक चुंबक गॅसचा व्हॉल्व्ह धरून ठेवतं. म्हणूनच पायलट पेटवल्यावर बटण अर्धा मिनिट दाबून ठेवायचं असतं. घाईने सोडलं की विझणारच. पुरेसा वेळ दाबूनही विझत असेल तर थर्मोकपलचं टोक ज्योतीत नीट बुडालेलं आहे का पाहा. पायलटची ज्योत बारीक, पिवळी आणि लुळी झाली असेल तर तिचं भोक चोंदलं आहे. ते मेकॅनिककडून साफ करून घ्या. टोक जागेवर आहे, ज्योत निळी आहे, तरी धरत नाही, म्हणजे थर्मोकपल संपलं. ते बदलावंच लागतं, दुरुस्त होत नाही.

पाण्याशी संबंधित विझणं

गिझर पेटतो, शॉवर जरा कमी केला किंवा शेजारचा थंड नळ सोडला की विझतो. इथे गॅसचा काही दोष नाही. पडद्यावरचा पाण्याचा जोर कमी झाला, पिन मागे आली, स्विच सुटला.

दाब किती लागतो? टाकीच्या उंचीवरून अंदाज येतो. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब म्हणजे जवळपास एक बार. बऱ्याच गिझरना ०.२ ते ०.३ बार तरी लागतो, म्हणजे टाकीचा तळ गिझरपेक्षा दोन-तीन मीटर वर हवा. तळमजल्यावर हे सहज जमतं. वरच्या मजल्यावर टाकी डोक्यावर चार फुटांवरच असते, तिथे गिझर रडतो. अशा वेळी टाकी लोखंडी स्टँडवर उंच करणं किंवा छोटा प्रेशर पंप बसवणं, हाच मार्ग. बेळगावात चोवीस तास पाणी येणाऱ्या भागांत काही घरं थेट लाइनवर गिझर चालवतात. तिथे सगळ्या गल्लीचे नळ सकाळी एकदम सुटले की दाब पडतो. तोच गिझर दुपारी व्यवस्थित चालतो. टाकीवरून जोडणी घेतली की ही कटकट संपते.

दाब पुरेसा असूनही धार बारीक असेल तर गिझरच्या तळाशी थंड पाण्याचा पाईप जिथे जोडलाय तिथली जाळी काढून पाहा. आधी पाण्याचा कॉक बंद करा. पाईप पानाने सैल केलात की बोटाच्या पेराएवढी जाळी निघेल. गाळ, गंजाचे कण, टाकीतली शेवाळ तिथे अडकते. जुन्या ब्रशने धुवा, परत बसवा. शॉवरची भोकंही क्षारांनी बुजतात. तो काढून नुसत्या पाईपने पाणी सोडून बघा, फरक पडला तर दोष शॉवरचा.

अथणी, चिकोडीच्या पूर्वेकडे किंवा जिथे बोअरच्या जड पाण्यावर घर चालतं तिथे आतल्या तांब्याच्या नळीत क्षार बसतात. पाणी कमी वाहतं, जास्त तापतं आणि तापमानाचा कटआउट गॅस बंद करतो. खूण अशी: गरम पाणी अगदी कढत येतं आणि मग विझतो, जरा थांबून परत लागतो. नळी सायट्रिक ॲसिडने, म्हणजे किराणा दुकानातल्या लिंबूसत्त्वाने, धुतात. पण गिझर खाली उतरवून करायचं ते काम आहे, मेकॅनिकला द्या. डायफ्राम कडक झाला किंवा फाटला असेल तर तोही त्याच वेळी बदलून घ्या. रबर आहे, काही वर्षांत जाणारच.

एक सवय मात्र लगेच बदला. पाणी फार गरम आलं की लोक थंड पाण्याचा नळ पूर्ण सोडतात. त्यापेक्षा गिझरवरचं गॅसचं बटण कमी करा. उन्हाळा-हिवाळ्याचं वेगळं बटण असेल तर ते उन्हाळ्यावर ठेवा. गरम पाण्याची धार मोठी राहिली की विझण्याचा प्रश्नच कमी होतो.

गॅस कमी पडतो तेव्हा

गिझरला शेगडीच्या एका बर्नरपेक्षा पाचेक पट गॅस लागतो. त्यामुळे १४.२ किलोचा सिलिंडर संपत आला की शेगडीवर चहा नीट होतो, पण गिझर मात्र पेटून हळूहळू बसतो. थंडीत हे जास्त जाणवतं, त्याला कारण आहे. एलपीजीत प्रोपेन आणि ब्युटेन दोन्ही असतात. प्रोपेन उणे ४२ अंशांनाच उकळतो, ब्युटेन जवळपास शून्याला. प्रोपेन आधी उडून जातो, शेवटी ब्युटेन जास्त उरतो, आणि डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे त्याचा दाब पडतो. त्यात गिझर जोरात गॅस ओढतो, त्यामुळे सिलिंडर आणखी गार होतो. सकाळी विझणारा गिझर दुपारी बारा वाजता छान चालला तर सिलिंडर बदला. सिलिंडर आडवा करणं, उलटा करणं, गरम पाण्यात ठेवणं हे काहीही करायचं नाही. आडव्या सिलिंडरमधून गॅसऐवजी द्रव बाहेर येतो.

एकाच रेग्युलेटरवर टी लावून शेगडी आणि गिझर दोन्ही चालवत असाल, तर आई स्वयंपाकघरात भाकरी करत असताना गिझर विझेल आणि तवा उतरल्यावर चालेल. गिझरला वेगळा सिलिंडर हेच उत्तम. कमर्शियलचा जास्त दाबाचा रेग्युलेटर लावून प्रश्न सुटल्यासारखा वाटतो, पण घरगुती गिझर चौरस सेंटीमीटरला ३० ग्रॅमच्या दाबासाठी बनवलेला असतो. त्यापेक्षा जास्त दाबाने ज्योत बाहेर फेकली जाते. रबरी नळी कुठे दुमडली, दबली, चिरली आहे का तेही पाहा. पाच वर्षांनी ती बदलायचीच, चांगली दिसली तरी.

शहराच्या काही भागांत आता पाईपगॅस आला आहे. एलपीजीचा गिझर तसाच त्यावर जोडू नका. दोन्ही गॅसची उष्णता आणि दाब वेगळे, त्यामुळे बर्नरच्या जेटची, म्हणजे गॅस जिथून बाहेर पडतो त्या बारीक तोंडांची, भोकं वेगळी लागतात. ते बदल गॅस कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्या.

वारा, पाऊस आणि कोळी

गिझर गॅलरीत घेतला की वाऱ्याचा प्रश्न येतो. जुलै-ऑगस्टमध्ये पश्चिमेकडून येणारा वारा थेट ज्योतीवर बसला की ती फडफडते, सुईवरून बाजूला होते आणि विझते. गिझर आडोशाच्या भिंतीवर घ्या किंवा वाऱ्याच्या बाजूने पत्र्याचा पडदा लावा, थोडा लांब ठेवून. प्लास्टिक गुंडाळणं किंवा लाकडी कपाटात बंद करणं साफ चूक. खालून हवा आणि वरून धूर, दोन्ही वाटा मोकळ्या राहिल्याच पाहिजेत.

उन्हाळाभर बंद असलेल्या गिझरच्या बर्नरमध्ये कोळी जाळी करतो, कुंभारीण माशी मातीचं घर बांधते. मग एका बाजूच्या पट्ट्या निळ्या आणि दुसऱ्या बाजूच्या पिवळ्या दिसतात, किंवा भप्प आवाज करून उशिरा पेट घेतो. पत्रा काढलाच आहे तर मऊ ब्रशने बर्नरवरची धूळ झाडा. जेटमध्ये पिन किंवा तार घालू नका, भोक मोठं झालं तर ज्योत बिघडते. पिवळी ज्योत आणि पत्र्यावर काजळी दिसली तर गिझर बंद ठेवून मेकॅनिकला बोलवा, कारण काजळी धरणारी ज्योत कार्बन मोनॉक्साइडही सोडते.

बरोबर वीस मिनिटांनी विझला तर

बिघाड नाही. बऱ्याच गिझरमध्ये वीस मिनिटांचा टायमर असतो. नळ बंद करून पुन्हा सोडा, लागेल. पण घरात चार जण पाठोपाठ आंघोळ करणारे असतील तर मध्ये पाच मिनिटं थांबा, बाथरूमचं दार उघडं ठेवा. टायमर त्यासाठीच आहे.

मेकॅनिकला फोन करताना

‘गिझर खराब आहे’ एवढंच सांगितलं तर तो अंदाजाने कंट्रोल बॉक्स बदलायला सांगेल, आणि तो महाग भाग आहे. त्याऐवजी असं सांगा: सेल नवे घातलेत, टकटक होते, पेटतो, पाच सेकंदांत विझतो, सुई घासली आहे, सिलिंडर नवा आहे. मग तो नेमका भाग घेऊन येईल. नवीन गिझर घ्यायची वेळ आली तर आयएसआय शिक्का आणि आयएस १५५५८ हा क्रमांक पाहून घ्या.

तुम्ही स्वतः पत्रा उघडला असेल किंवा मेकॅनिकने जोडणी केली असेल, दोन्ही वेळा शेवटी एक करा. रेग्युलेटर चालू करून प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर गॅस बंद, जोड परत घट्ट. काडी लावून कधीच तपासू नका. बुडबुडे नसतील तर सेल घाला, पाणी सोडा आणि दार उघडं ठेवून पंचवीस मिनिटं गिझरसमोर थांबा. ज्योत सगळ्या पट्ट्यांवर निळी राहिली आणि मधे विझली ती फक्त टायमरमुळे, तर घरच्यांना आंघोळीला पाठवायला हरकत नाही.